रविवारची टर्की, आठवड्याचे डबे

इथं वाढणाऱ्या मुलांच्या डब्याचा प्रश्न आपल्या बहुतेक घरांत कधी ना कधी निघतोच. पहिली-दुसरीपर्यंत पोळीभाजीची गुंडाळी निमूटपणे खाणारं मूल तिसरीत गेलं की म्हणू लागतं, "मला इतरांसारखं सँडविच दे." मग आपण ग्रोसरीत जातो, डेली काउंटरवरून पौंडभर टर्की पातळ कापून घेतो, एक ब्रेड उचलतो आणि प्रश्न सुटला असं समजतो. ऑफिसात आपलीही तीच कथा. मीटिंग लांबली की खालच्या कॅफेतून टर्की क्लब मागवायचं. बर्गर नाही, पिझ्झा नाही, वर लेट्यूसची हिरवी पानं दिसतात, म्हणजे खाणं चांगलंच झालं!

हा समज कितपत बरोबर आहे ते या लेखात आकडे मांडून पाहू. त्याबरोबर क्लब सँडविच घरी रीतसर कसं करायचं हेही शिकू. मी व्यवसायाने सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे, डॉक्टर नाही. तेव्हा ज्यांना ब्लडप्रेशरची किंवा किडनीची औषधं चालू आहेत त्यांनी आपल्या डॉक्टरांचा सल्लाच प्रमाण मानावा. पण लेबल वाचणं आणि बेरीज करणं आपल्या सर्वांनाच येतं.

हा हिशेब आपणच का करायचा?

दक्षिण आशियाई लोकांना हृदयविकार आणि मधुमेह तुलनेने लवकर गाठतात, हे आता इथल्या वैद्यकशास्त्राने मान्य केलेलं आहे. अमेरिकन हार्ट असोसिएशन आणि अमेरिकन कॉलेज ऑफ कार्डिओलॉजी यांनी इतर संस्थांबरोबर २०१८ साली कोलेस्टेरॉलविषयी मार्गदर्शक सूचना काढल्या. त्यांत धोका वाढवणाऱ्या गोष्टींच्या यादीत दक्षिण आशियाई वंश असणं ही एक गोष्ट धरली आहे. अमेरिकन डायबेटिस असोसिएशनने २०१५ सालापासून आशियाई वंशाच्या लोकांसाठी मधुमेहाची तपासणी बीएमआय २३ पासूनच करावी असं सुचवलं आहे. इतरांसाठी ही रेषा २५ ला आहे. सॅन फ्रान्सिस्कोच्या परिसरात आणि शिकागोत २०१० पासून आपल्याच लोकांवर एक दीर्घकालीन अभ्यास चालू झाला. त्याचं नाव योगायोगाने नव्हे तर मुद्दामच 'मसाला' असं जुळवलेलं आहे!

याला पैशाचीही बाजू आहे. आपले आई-वडील सहा महिने राहायला येतात तेव्हा त्यांच्यासाठी घेतलेल्या व्हिजिटर्स इन्शुरन्समध्ये आधीपासून असलेल्या आजारांना बहुधा पूर्ण संरक्षण नसतं. वडिलांचं ब्लडप्रेशर इथं असताना वर गेलं आणि इमर्जन्सी रूम गाठावी लागली, तर बिल कुणाच्या खिशातून जाईल हे सांगायला नको. म्हणून फ्रीजमध्ये काय ठेवायचं हा विषय स्वयंपाकाचा आहे तितकाच घरखर्चाचाही आहे.

क्लब सँडविच म्हणजे नेमकं काय?

भाजलेल्या ब्रेडचे तीन स्लाइस आणि त्यांच्यामध्ये दोन मजले. खालच्या मजल्यावर टर्की, वरच्या मजल्यावर बेकन आणि टोमॅटो, दोन्हीकडे लेट्यूस आणि मेयोनेझ. चार टूथपिक टोचून चार त्रिकोण कापायचे. जुन्या पद्धतीत चीज नसतं. भारतातल्या क्लबांत आणि हॉटेलांत यात अंडंही घालतात, ते आपल्यापैकी अनेकांनी खाल्लं असेल.

नावाचा उगम अमेरिकेतल्या क्लबांत आहे. न्यूयॉर्कच्या युनियन क्लबच्या नावाचं सँडविच १८८९ सालच्या वर्तमानपत्रात सापडतं. त्यात ब्रेडचे दोनच स्लाइस होते. न्यूयॉर्क राज्यातलं साराटोगा स्प्रिंग्ज हे गावही आपल्या साराटोगा क्लब हाउसमध्ये, म्हणजे तिथल्या श्रीमंत जुगारघरात, हे सँडविच जन्मलं असा दावा करतं. थोडक्यात, हे रोजच्या डब्यासाठी निर्माण झालेलं खाणं नाही.

मीठ कुठे लपलं आहे?

अमेरिकन सरकारच्या आहारविषयक सूचनांप्रमाणे मोठ्या माणसाने दिवसाला २,३०० मिलिग्रॅमपेक्षा कमी सोडियम खावं. एका सपाट चहाच्या चमचाभर साध्या मिठात साधारण तेवढंच सोडियम असतं. ४ ते ८ वर्षांच्या मुलांसाठी ही मर्यादा १,५०० आणि ९ ते १३ वर्षांच्या मुलांसाठी १,८०० मिलिग्रॅम आहे. आता लेबलांवर नेहमी दिसणारे मधले आकडे धरून बाहेरच्या धर्तीचं एक सँडविच मांडू.

ब्रेडचे ३ स्लाइस, प्रत्येकी १५०: ४५० मिलिग्रॅम
डेलीची टर्की ३ औंस: ६७५ मिलिग्रॅम
बेकनच्या ३ पट्ट्या, प्रत्येकी १७०: ५१० मिलिग्रॅम
मेयोनेझ २ मोठे चमचे: १८० मिलिग्रॅम
एकूण: १,८१५ मिलिग्रॅम

म्हणजे पाऊण चमच्याहून थोडं जास्तच मीठ. बाजूला येणारे चिप्स आणि लोणच्याची काकडी यात धरलेली नाहीत. सात वर्षांच्या मुलाची दिवसाची मर्यादा एका डब्यात ओलांडली गेली, आणि संध्याकाळची आमटी-भाजी अजून व्हायचीच आहे.

यात दोन गोष्टी ध्यानात घ्याव्यात. पहिली, टर्की मुळात खारट नसते. मीठ न लावता भाजलेल्या ३ औंस टर्कीत साधारण ८५ मिलिग्रॅम सोडियम असतं, डेलीच्या टर्कीत त्याच्या सात-आठ पट. ते टिकवण्यासाठी, चवीसाठी आणि पाणी धरून ठेवण्यासाठी घातलेलं असतं. दुसरी, गोडसर लागणारा ब्रेडसुद्धा मिठाचा मोठा वाटेकरी आहे, आणि क्लबमध्ये तो तीनदा येतो.

मिठाखेरीज आणखी एक मुद्दा आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सरविषयक संस्थेने २०१५ साली प्रक्रिया केलेलं मांस, म्हणजे बेकन, हॅम, डेलीचं मांस वगैरे, कॅन्सरला कारणीभूत ठरणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात टाकलं. रोज ५० ग्रॅम खाल्ल्यास मोठ्या आतड्याच्या कॅन्सरचा धोका सुमारे १८ टक्क्यांनी वाढतो असा त्यांचा अंदाज आहे. यावरून एखादी पट्टी खाल्ल्याने कुणी आजारी पडेल असं समजू नये. पण तिथं 'रोज' हा शब्द आहे, आणि डब्यात जातं ते रोजच जातं.

गरोदर स्त्रिया आणि ६५ वर्षांवरील मंडळी यांनी तर डेलीचं मांस थंड खाऊच नये. त्यात लिस्टेरिया नावाचा जंतू असू शकतो आणि तो फ्रीजच्या थंडीतही वाढतो. २०२४ साली अमेरिकेत डेलीच्या मांसातून लिस्टेरियाची साथ १९ राज्यांत पसरली आणि त्यात १० माणसं दगावली. खायचंच असेल तर वाफा येईपर्यंत, म्हणजे १६५ अंश फॅरेनहाइटपर्यंत, गरम करून खावं.

पाठ पहिला: टर्की भाजणे

साहित्य: बिनहाडाचा टर्की ब्रेस्ट ३ पौंड, तेल १ मोठा चमचा, साधं मीठ १ चहाचा चमचा, मिरपूड १ चमचा, ठेचलेला लसूण १ चमचा, थाईम अर्धा चमचा. थाईम नसेल तर दोन चिमटी ओवा चुरडून घाला. दोघांचा वास थायमॉल या एकाच द्रव्याचा असल्याने चव जमते. आणि एक मांसाचा थर्मामीटर. तो नसेल तर आधी तो घ्या, मग टर्की.

१. विकत घेतानाच लेबल वाचा. कच्च्या टर्कीतही पुष्कळदा मिठाचं पाणी टोचलेलं असतं आणि ते पाकिटावर बारीक अक्षरांत लिहिलेलं असतं. शक्यतो तसं नसलेली टर्की घ्या. नाइलाज असेल तर वरचं मीठ गाळा.

२. गोठलेली असेल तर ती फ्रीजमध्येच विरघळू द्या, ओट्यावर नाही. दर ४ ते ५ पौंडांना एक दिवस धरावा.

३. टर्की नळाखाली धुऊ नका. आपल्याला मांस धुतल्याशिवाय चैन पडत नाही हे खरं, पण उडणाऱ्या शिंतोड्यांतून जंतू सिंकमध्ये आणि शेजारच्या कोथिंबिरीवर जातात. इथल्या कृषी खात्याचाही सल्ला न धुण्याचाच आहे. कागदी टॉवेलने टिपून घ्या आणि नंतर हात साबणाने धुवा.

४. तेल, मीठ आणि मसाला चोळून ट्रेमध्ये ठेवा. ओव्हन ३५० अंश फॅरेनहाइटवर आधीच तापवून घ्या.

५. पौंडामागे २० ते २५ मिनिटं हा फक्त अंदाज आहे. एक तास झाला की थर्मामीटर सर्वांत जाड भागात खुपसून पाहा. १६५ अंश दाखवला की टर्की झाली. रंगावरून ठरवू नका. जास्त वेळ ठेवली तर चोथा होतो, आणि मग "टर्कीला चवच नसते" असा बोल तिच्यावर येतो.

६. पंधरा मिनिटं तशीच राहू द्या. मग उथळ डब्यात घालून फ्रीजमध्ये ठेवा. ओव्हनमधून काढल्यापासून दोन तासांच्या आत ती फ्रीजमध्ये गेली पाहिजे.

७. पूर्ण गार झाल्यावर धारदार सुरीने धाग्यांच्या आडवे पातळ काप करा. गरम टर्कीचे तुकडे पडतात, गार टर्कीचे काप पडतात.

भाजल्यावर वजन साधारण पाव भागाने घटतं. ३ पौंडांचे सव्वादोन पौंड, म्हणजे ३६ औंस उरतात. ३ औंसांचा एक वाटा धरला तर बारा वाटे झाले. शिजलेली टर्की फ्रीजमध्ये ३ ते ४ दिवस चांगली राहते. म्हणून सोमवार ते बुधवारचे वाटे फ्रीजमध्ये ठेवा आणि बाकीचे छोट्या पिशव्यांत घालून तारीख लिहून त्याच दिवशी फ्रीझरमध्ये टाका. गुरुवारची पिशवी बुधवारी रात्री खाली काढायची. आठवणीसाठी फ्रीजच्या दारावर एक चिठ्ठी लावली की काम भागतं.

पाठ दुसरा: सँडविच रचणे

ब्रेड: पुढे 'व्हीट' लिहिलं म्हणून फसू नका. घटकांच्या यादीत पहिलं नाव 'होल व्हीट' हवं. नुसता तपकिरी रंग काकवीनेही आणता येतो. दोन ब्रेडच्या लेबलांत सोडियम ताडून पाहा. स्लाइसमागे १०० च्या आसपास असलेले ब्रेड मिळतात.

बेकन: पट्ट्या जाळीवर ठेवून ४०० अंशांवर १५ ते २० मिनिटं भाजा आणि तेल कागदावर टिपून घ्या. एका सँडविचला एक पट्टी दोन तुकडे करून पुरते. आपल्याकडे अनेक घरांत डुकराचं मांस चालत नाही. त्यांनी टर्की बेकन घेतलं तरी तेही प्रक्रिया केलेलंच मांस आहे हे लक्षात ठेवावं. 'अनक्युअर्ड' लिहिलेल्या बेकनमध्येही बहुधा सेलरीच्या पावडरीतून नायट्राइट येतंच. बेकनचं काम कुरकुरीतपणा आणि धुराचा वास देण्याचं. ते काम कांद्याच्या किंवा मश्रूमच्या पातळ कापांना थोडं तेल आणि स्मोक्ड पॅप्रिका लावून ओव्हनमध्ये कडक भाजल्यानेही चांगलं होतं.

मेयोनेझ: एक मोठा चमचा. त्यातला अर्धा भाग चक्का घातला तर चव हलकी होते आणि मुलांना कळतही नाही. मोठ्यांसाठी त्यात चमचाभर हिरवी चटणी घालून पाहा.

रचना अशी करायची:

१. तीन स्लाइस हलके भाजा आणि उभे ठेवून गार करा. एकावर एक ठेवले तर वाफेने मऊ पडतात.

२. आतल्या बाजूंना मेयोनेझ अगदी कडेपर्यंत पातळ लावा. त्यातलं तेल टोमॅटोचं पाणी ब्रेडमध्ये शिरू देत नाही.

३. पहिला स्लाइस, त्यावर कोरडी केलेली लेट्यूसची पानं, त्यावर टर्कीचे काप घडी घालून. सपाट ठेवण्यापेक्षा घडी घातली की तेवढ्याच टर्कीत सँडविच भरलेलं वाटतं.

४. दुसरा स्लाइस, त्यावर कागदाने टिपलेले टोमॅटोचे काप, बेकन, पुन्हा लेट्यूस. वर तिसरा स्लाइस.

५. आधी चार बाजूंना चार टूथपिक खालपर्यंत टोचा आणि मगच दातेरी सुरीने कर्णावर दोनदा कापा. क्रम उलटा केला तर वरचा मजला घसरतो. लहान मुलांना देताना टूथपिक काढून द्या.

डब्यासाठी दोनच स्लाइस वापरा, टोमॅटो वेगळ्या डबीत द्या आणि पिशवीत बर्फाचा पॅक ठेवा. तीन मजली थाट रविवारी घरी. बाजूला चिप्सऐवजी काकडीची कोशिंबीर चालते.

शाकाहारी मंडळींनी टर्कीच्या जागी घरच्या बिनमिठाच्या पनीरचे जाड काप तव्यावर लालसर परतून घ्यावेत आणि बेकनच्या जागी वर सांगितलेला भाजका कांदा घालावा. बाकी रचना तीच.

आता घरच्या सँडविचचा हिशेब: ब्रेड ३ × १०० म्हणजे ३००, टर्की २७५ (मुळातलं ८५ आणि चोळलेल्या मिठाचा बारावा भाग, सुमारे १९०), बेकन १७०, मेयोनेझ ९०. एकूण ८३५ मिलिग्रॅम. बाहेरच्या निम्म्याहूनही कमी, आणि हे तिन्ही स्लाइस धरून.

पाठ तिसरा: पैशाचा हिशेब

भाव गावागणिक बदलतात, म्हणून खालच्या आकड्यांच्या जागी आपल्या पावतीवरचे आकडे घाला.

समजा टर्की ब्रेस्ट पौंडाला ६ डॉलर. तीन पौंडांचे १८, वाटे बारा, म्हणजे वाट्याला दीड डॉलर. ब्रेड, भाजी, बेकन वगैरे मिळून आणखी दीड. घरचं सँडविच ३ डॉलरला पडलं. डेलीची टर्की पौंडाला १२ डॉलर धरली तर तेच सँडविच पावणेचार डॉलरला पडतं. आणि कॅफेत टॅक्स आणि टिप धरून समजा १४.

या तीन आकड्यांत गंमत आहे. डेलीऐवजी टर्की घरी भाजल्याने पैसे वाचतात फक्त पाऊण डॉलर. खरी बचत, ११ डॉलरची, होते ती कॅफेऐवजी डबा नेल्याने. उलट आरोग्याच्या बाजूने पाहिलं तर नुसता डबा नेऊन फारसं काही होत नाही. डेलीची टर्की घरच्या डब्यात भरली तरी मीठ तेवढंच. म्हणजे पैशाचा फायदा डबा नेण्यात आहे आणि तब्येतीचा फायदा टर्की स्वतः भाजण्यात. दोन्ही हवे असतील तर दोन्ही करावं लागेल.

आठवड्यातून दोनदा कॅफे टाळला तर २२ डॉलर वाचतात. सुट्ट्या वगळून ४८ आठवडे धरले तर वर्षाला साधारण १,००० डॉलर. हे पैसे दरवर्षी मुलाच्या ५२९ प्लॅनमध्ये टाकले आणि समजा सरासरी ६ टक्के वाढ मिळाली, तर १५ वर्षांनी सुमारे २३,००० डॉलर होतात. त्यातला वाढीचा भाग पात्र शिक्षणखर्चासाठी वापरला तर त्यावर फेडरल टॅक्स लागत नाही. बाजारात ६ टक्क्यांची हमी कुणी देत नाही, हे अर्थातच खरं. पण मुद्दलाचे १५,००० तर आपल्याच हातचे आहेत. मात्र वाचलेले पैसे त्याच महिन्यात आपोआप खात्यात जातील अशी सोय करून ठेवा. नाहीतर ते दुसऱ्या कुठल्या तरी सेलमध्ये जातात.

थँक्सगिव्हिंगचा फायदा

नोव्हेंबरच्या चौथ्या गुरुवारी थँक्सगिव्हिंग येतो. त्याआधी ग्रोसरीवाले गिऱ्हाईक खेचण्यासाठी गोठलेली अख्खी टर्की फार स्वस्त विकतात. फ्रीझरमध्ये जागा असेल तर एक जास्तीची घेऊन ठेवा. १२ पौंडांची टर्की फ्रीजमध्ये विरघळायला तीन दिवस लागतात, म्हणून रविवारी भाजायची तर गुरुवारी काढा. छातीच्या मांसाचे काप सँडविचसाठी, पायाच्या मांसाचा रस्सा आणि हाडं उकळून सूप. आपल्याकडे काही वाया घालवायची पद्धत नाहीच.

या आठवड्याचा गृहपाठ

१. घरातल्या ब्रेडचं, डेलीच्या मांसाचं आणि चीजचं लेबल वाचा. एका सर्व्हिंगचं वजन आणि सोडियम लिहून काढा. आपण खरोखर किती सर्व्हिंग खातो ते शेजारी लिहा.

२. मुलाच्या कालच्या डब्याची बेरीज करा आणि त्याच्या वयाच्या मर्यादेशी ताडून पाहा. ही बेरीज मुलालाच करायला सांगितली तर उत्तम. दहा वर्षांच्या मुलाला ती येते, आणि स्वतः काढलेला आकडा त्याला आपल्या भाषणापेक्षा लवकर पटतो.

३. गेल्या महिन्याच्या क्रेडिट कार्डाच्या बिलात बाहेरच्या जेवणांखाली रेघ मारा.

४. एका रविवारी टर्की भाजून पाहा. एकदम सगळं बदलू नका. पहिल्या आठवड्यात फक्त मांस बदला, दुसऱ्या आठवड्यात ब्रेड. म्हणजे मुलांनी नाक मुरडलं तर कशामुळे ते कळेल.

मंडळाच्या पुढच्या पॉटलकला कुणी हे त्रिकोण घेऊन आलं तर आनंद होईल. ताटाशेजारी एका चिठ्ठीवर सोडियमचा आकडा लिहून ठेवा, म्हणजे ब्लडप्रेशरवाल्या काका-काकूंना विचारावं लागणार नाही.